मदत फंडाचे खजिनदार

मकबूल घट्टे पाच वेळचा नमाजी झाला, याचं श्रेय भैरू निकमला द्यायला हवं. उलव्यात ते अजून कोणी दिलेलं नाही.

मकबूल फॉल्स सीलिंगचा ठेकेदार. गाव म्हसळ्याकडचं, राहणं उलव्यात, भाड्याच्या वन बीएचकेत. विमानतळाच्या भरवशावर इथे इमारती उठल्या आणि त्यांच्या छतांवर मकबूलचा संसार चालू लागला. जिप्समच्या शीट, पट्ट्या, स्क्रू, सगळं तो भैरूच्या हार्डवेअरच्या दुकानातून उधारीवर उचलायचा. मग एका बिल्डरने अठरा फ्लॅटचं काम करून घेतलं आणि फोन उचलणं बंद केलं. भैरूचे एक लाख ऐंशी हजार मकबूलकडे राहिले, आणि भैरू रोज संध्याकाळी स्कूटर काढून त्याला शोधू लागला.

भैरूने त्याला साइटवर गाठलं, चहाच्या टपरीवर गाठलं, एकदा सलूनमध्ये तोंडाला फेस असताना गाठलं. मशिदीच्या दारात मात्र तो थांबला. भैरू साताऱ्याकडचा, देवधर्म मानणारा. माणूस देवासमोर बसलेला असताना पैशाचं बोलू नये, असं त्याचं मत होतं. हे मकबूलच्या ध्यानात यायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवसापासून तो पाचच्या सुमारास असरच्या नमाजाला आत जाई आणि रात्रीची इशा आटोपूनच बाहेर पडे. तोवर कंटाळून भैरू निघून गेलेला असे. पुढे पुढे भैरू सकाळीही येऊ लागला, तसे मकबूलचे सकाळचे नमाजही सुरू झाले.

मशीद म्हणजे दोन गाळ्यांमधली भिंत पाडून केलेला हॉल. दोन नमाजांच्या मधल्या वेळात तिथे पंखा आणि मकबूल एवढेच असत. इमामसाहेबांनी एकदा जवळ बसून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "कर्जातून सुटायची काही दुआ आहे का? एका दोस्ताला पाहिजे."

इमामसाहेबांनी ती देवनागरीत लिहून दिली, खाली अर्थही लिहिला: हे अल्लाह, तुझ्या हलाल कमाईत माझं भागव, हरामची गरज पडू देऊ नको, आणि तुझ्याशिवाय कोणापुढे हात पसरायची वेळ आणू नको. कर्ज डोंगराएवढं असलं तरी या दुआने फिटतं, असं हदीसमध्ये आहे, हेही सांगितलं. मकबूलचं कर्ज फार तर टेकडीएवढं होतं. त्याने रोज शंभर वेळा म्हणायला सुरुवात केली.

मशिदीच्या कमिटीचा एक मदत फंड होता. लॉकडाऊनमध्ये सुरू झालेला, बिनव्याजी, कुठल्याही धर्माच्या शेजाऱ्यासाठी. मकबूलने त्याचा अर्ज भरला आणि शुक्रवारी खिशात घालून नेला. त्याच शुक्रवारी कमिटीचे अध्यक्ष अब्बासचाचा नमाजानंतर उभे राहिले. बंदरावरची नोकरी करून निवृत्त झालेला माणूस, आवाज अजून बंदरावरचाच.

"फंडाला खजिनदार पाहिजे," चाचा म्हणाले. "आपल्यात एक माणूस दोस्ताच्या कर्जासाठी रोज तीन तीन तास दुआ करत बसतो. इमामसाहेबांनीच सांगितलं."

"चाचा, माझी लायकी नाय," मकबूल म्हणाला. तो आयुष्यात क्वचितच इतकं खरं बोलला होता.

"बघा. असाच माणूस पाहिजे."

घरी आल्यावर बायको रुकय्याने विचारलं, "अर्ज दिला?"

"आता अर्ज माझ्याकडेच द्यायचा आहे."

"मग बरंच झालं की. दे."

तो अर्ज त्याने फाडला.

इकडे भैरूही मशिदीत ओळखीचा झाला होता. दारात रोज ताटकळणाऱ्या माणसाला इमामसाहेब चहा पाठवू लागले, मग स्वतः बाहेर येऊन बोलू लागले. भैरूने कोणाचं नाव न घेता सांगितलं की उधारी अडकल्यामुळे प्लायवूडवाल्याने माल बंद केलाय. इमामसाहेबांनी त्याला फंडाची माहिती दिली. जाता जाता ती दुआही लिहून दिली.

पुढच्या मीटिंगमध्ये खजिनदारांसमोर भैरू निकमचा अर्ज आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'माझी उधारी एका सज्जनाकडे अडकली आहे. नाव लिहीत नाही, कारण तो देवाचं करतो.'

"देवाचं करतो आणि लोकांचं बुडवतो," चाचा म्हणाले. "बेशरम."

साठ हजार मंजूर झाले. सोबत ठराव झाला की या सज्जनाला शोधून त्याच्याकडून हप्ते घ्यावेत आणि ते थेट फंडात, भैरूच्या कर्जात जमा करावेत. काम मकबूलकडे सोपवलं, कारण त्याच्याइतका सबुरीचा माणूस कमिटीत दुसरा नव्हता.

चेक घेऊन मकबूल बाहेर आला. कित्येक महिन्यांत तो पहिल्यांदाच आपणहून भैरूकडे चालत गेला.

"भैरूशेठ, नाव का नाय लिहिलं?"

"लिवलं असतं तर सही कोन करनार हुतं?"

"म्हणजे माझ्यासाठी नाय."

"तुमच्यासाठी कशापायी? मला माल भरायचा हाय." भैरूने चेकवरची सही नीट पाहिली आणि तो घडी न घालता खिशात ठेवला. "आन वसुली तुमच्याकडंच दिली म्हनं?"

"हो."

"मग गाठा त्याला. लई अवघड नाय. पाच वाजता आत जातो."

मकबूलने आठवडाभर विचार केला. सांगून टाकावं, तर कमिटी जाते, मान जाते आणि मशिदीत बसायची सोयही जाते. न सांगावं, तर हप्ते कुठून तरी आणावेच लागतात. त्याने मोटरसायकल विकली. रुकय्याने कारण विचारलं, तर म्हणाला, "कमिटीचा दबाव आहे." पहिले पंधरा हजार त्याने फंडात भरले, पावतीवर 'एका इसमाकडून' असं लिहिलं आणि खाली खजिनदार म्हणून सही केली. पावती कोणाला द्यायची हा प्रश्न नव्हता. पुढच्या दोन महिन्यांत आणखी दोन हप्ते आले. पैसे कामाचेच होते. हल्ली तो साइटवर पायी आणि वेळेवर पोचत होता.

"नाव तरी सांग त्याचं," चाचा मीटिंगमध्ये म्हणाले.

"सांगू नको म्हणतो."

"लाज वाटत असेल."

"वाटते, चाचा. मी बघितलंय."

त्याच्या वसुलीची ख्याती बाजारात पसरली. भैरू ती आवडीने पसरवत होता. एका शुक्रवारी किराणावाले पोपटशेठ मशिदीच्या दारात आले आणि त्यांनी बुडव्या गिऱ्हाइकांची दोन पानी यादी खजिनदारसाहेबांच्या हातात ठेवली. मकबूलने दोन्ही पानं आधी भराभर वरपासून खालपर्यंत पाहिली. त्याचं नाव नव्हतं. मग त्याने चष्मा पुसला आणि पहिल्या नावापासून सावकाश वाचायला घेतलं.