चावून पाहिलेला दाणा

ओल्या धानाचा वास आला की बालाघाटची ती सकाळ आठवते. बाबा राइस मिलसाठी धान घ्यायचे. दाणा दाताखाली फोडून पाहिल्याशिवाय एक पोतं उतरवू देत नसत. बारावीनंतर सगळे म्हणाले म्हणून मी कॉलेजच्या फॉर्मवर कॉमर्स लिहिलं. "चावून पाह्यलं का तू?" एवढंच विचारून ते मला कॉलेजात घेऊन गेले आणि कॉमर्सच्या सरांना विनवून मागच्या बाकावर बसवलं. त्या तासाला मी चक्क पेंगले. "मंग दुसऱ्या वर्गात बस, मले काही घाई नाही," बाबा म्हणाले. भूगोलाच्या सरांनी फळ्यावर वैनगंगेचं वळण काढलं, आणि बाबा बाहेर उन्हात उभे आहेत हे मी विसरूनच गेले. आता मीही भूगोल शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत शेवटचा बाक मोकळा ठेवते, कुणी चावून पाहायला आलं तर.