गच्चीवरून दिसलेले दिवे

राजुरीत आमचं घर गावाच्या कडेला, शेताला लागून आहे. त्या उन्हाळ्यात एकदा दिवेलागणीला मी आणि आमचे मालक गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होतो. मला ठसका लागला म्हणून मान वर केली, तर मावळतीच्या डोंगरांवर दिवे. पिवळसर, न लुकलुकणारे. विमानासारखा आवाज अजिबात नाही. ते सावकाश मंचरच्या बाजूला सरकले आणि एकाएकी विझले. मालक एवढंच म्हणाले, "इमान न्हाई हे." मग आम्ही मिरच्यांची पोती खाली आणली आणि मी भाकरी करायला बसले.

गावात आणखीही काही जणांनी ते पाहिलं होतं. कुणी ड्रोन म्हणे, कुणी उपग्रह. विषय मागे पडत आला होता, तेवढ्यात ग्रामपंचायतीपुढे लष्कराची गाडी येऊन थांबली. एक तरुण अधिकारी होता, हिंदी बोलणारा, आणि त्याच्यासोबत आपल्याच भागातला वाटावा असा वयस्कर सुभेदार. ज्यांनी दिवे पाहिले त्यांच्या घरी जाऊन ते चौकशी करत होते.

आमच्याकडे त्यांनी मालकांना ओट्यावर बसवलं आणि मला आत. सुभेदारांनी मला दिवे हाताने दाखवायला सांगितलं. मी बोटांचा तिकोन केला. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच दाखवलं. मग त्यांनी मालकांना आत बोलावलं. मालकांनी हवेत एक सरळ रेघ ओढली.

"रांग व्हती साहेब. एकामागं एक."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या संध्याकाळी आम्ही हातभर अंतरावर उभे होतो. सुभेदारांनी विचारलं, यावर तुमचं आपसात बोलणं झालं नव्हतं का? तेव्हा माझ्या लक्षात आलं, दिव्यांविषयी आम्ही एकमेकांशी नीट बोललोच नव्हतो. जे मला दिसलं तेच त्यांना दिसलं असणार, असं दोघांनीही धरून चाललेलं.

काही दिवसांनी ते संध्याकाळी परत आले. आम्हाला गच्चीवर आपापल्या जागी उभं केलं आणि पलीकडच्या शेतातून त्यांच्या माणसांनी दिवे लावलेली यंत्रं वर सोडली. आधी रांगेत. मालक लगेच म्हणाले, "ह्येच." मग तिकोनात. मला काहीच ओळखीचं वाटेना. ती यंत्रं घरघरत होती, खेळण्यासारखी दिसत होती.

"असं न्हाई," मी म्हणाले.

"मग कसं, ताई?"

मला सांगता येईना. जितकं आठवायला जावं तितकं ते पुसट होत गेलं. सुभेदार हळू आवाजात म्हणाले, "नाही आठवलं तरी चालेल. पण आठवल्यासारखं वाटतंय म्हणून सांगू नका."

ते निघताना मी विचारलं, ते नेमकं होतं तरी काय? सुभेदारांनी माझा प्रश्न अधिकाऱ्याला हिंदीत सांगितला. तो म्हणाला, आम्ही तेच विचारायला तुमच्याकडे आलो होतो. त्यानंतर कुणी आलं नाही, काही कळलंही नाही.

पावसाळ्यात एक पाहुणे आले होते. चहा घेता घेता मालक त्यांना ती हकिगत सांगू लागले. "तीन कोपऱ्यांना तीन दिवे, पावणं. असा तिकोन."

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "तुमी तर रांग सांगितली व्हती."

"मी? मी पयल्यापासून तिकोनच म्हणतोय."

ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलताना ते कसे दिसतात ते मला चांगलं माहीत आहे. मी त्यांना शेतातून सोडलेल्या दिव्यांची आठवण करून दिली.

"मग तुझं ऐकून ऐकून मला तसं दिसाया लागलं म्हणायचं?"

मी चहाच्या कपबशा उचलल्या. माझ्या डोळ्यांपुढे आता रांगच येते, एकामागे एक सरकणारी. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.