काकूंचं मीटर

गाझियाबादला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक मराठी काकू राहतात. सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर त्या कोडिंग शिकल्या आणि सेन्सर, वायरी जोडून त्यांनी हवेतली धूळ मोजणारं मीटर घरीच बनवलं. जोडताना त्या त्याच्याशी बोलायच्या, "चलो बेटा, आता बोल!"

मीटर स्वयंपाकघराच्या खिडकीत लागलं आणि रोज सकाळी हवा भयंकर बिघडल्याचं दाखवू लागलं. काकू आकडे सोसायटीच्या ग्रुपवर टाकत. घाबरून लोकांनी मुलांचं सकाळचं खेळणं बंद केलं. मग संकष्टी आली. काकूंचा उपवास, त्यामुळे घरात फोडणी पडली नाही आणि त्या सकाळी आकडा चढलाच नाही!

दुसऱ्या कुणी गुपचूप जागा बदलली असती. काकूंनी ग्रुपवर लिहिलं, "गलती मेरी. वो मेरे तड़के का धुआँ था." आणि मीटर गच्चीवर नेलं.

"काकू, लोक हसतील ना," मी म्हटलं.

"हसू देत. फोडणीसुद्धा पकडली यार त्यानं! म्हणजे बिल्कुल बरोबर बनलंय."

आता टीव्हीवर काहीही सांगोत, मुलांना खाली सोडण्याआधी आमच्या सोसायटीत एकच विचारतात, "आंटी का मीटर क्या बोल रहा है?"