सात मिनिटं शांतता, रेकॉर्डिंग चालू आहे

नायगावची आमची बीडीडी चाळ रिकामी करायची तारीख आली, तेव्हा चाळीतल्या सगळ्यांनी मिळून मैदानात एक निरोपाचा कार्यक्रम करायचं ठरवलं. महिला मंडळाचा नाच त्यात होताच. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, सिनेमातलं गाणं नको, काहीतरी आपलं हवं. त्यावर मी हात वर केला आणि म्हणालो, "संगीत मी करतो."

हात का वर केला, हे बायकोने घरी आल्यावर विचारलं. दादरच्या एका ऑफिसात फायली हलवण्यात सत्तावीस वर्षं गेली, आणि गेल्या वर्षी मुलीने जुना लॅपटॉप मला दिला. त्यावर मी संगीताचं एक सॉफ्टवेअर घातलं, एक छोटा की-बोर्ड जोडला. या की-बोर्डला स्वतःचा आवाज नसतो. पट्टी दाबली की लॅपटॉपच्या आतला सिंथेसायझर बासरी, व्हायोलिन, सनई, जे मागाल ते वाजवतो. मला तीन सरळ चाली यायच्या. तेवढ्यावर मी हात वर केला होता.

चाल बरी झाली. खरंच बरी झाली, हे मी आजही सांगतो, कारण या गोष्टीत अभिमान धरावा असं दुसरं काही नाही. सात मिनिटांची बासरी, मागे टाळ, आणि मधे एक जागा जिथे मी एक गोल बटण हळूहळू फिरवायचो आणि सूर लांबून जवळ आल्यासारखा वाटायचा. पण त्याची फाइल करायला गेलो की बासरीचे अर्धे सूर गायब व्हायचे. इंटरनेटवर एका माणसाने उपाय सांगितला होता: झटपट फाइल काढू नका, चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजू द्या आणि वाजता वाजताच रेकॉर्ड करा.

रेकॉर्डिंग म्हटलं की शांतता, एवढंच माझं ज्ञान. ऑफिसातून मी आठवडाभर रजा घेतली. पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलं, "सात मिनिटं शांतता. रेकॉर्डिंग चालू आहे." आणि पुठ्ठा दाराला अडकवला.

आमच्या चाळीत मधे लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या. एका टोकाला कोणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला विचारतात, सर्दी झाली का. अशा पॅसेजला गप्प करायचं म्हणजे दारोदार जावं लागलं. मी गेलो. दुपारभर मुलांनी क्रिकेट खाली न्यावं, टीव्ही बारीक करावेत, बादल्या आपटू नयेत. लोकांनी ऐकलं. कोपऱ्यातल्या खोलीतले आजोबा तर म्हणाले, खोकला आला तर मी तोंडावर टॉवेल धरीन.

घरातही मी काही शिल्लक ठेवलं नाही. मे महिना होता, तरी पंखा बंद. भिंतीवरचं घड्याळ काढून पत्र्याच्या पेटीत, गोधड्यांखाली. बायकोने पोळ्या दुपारच्या आधी उरकायच्या. मग दुपारभर पुन्हा पुन्हा मी बनियनवर बसायचो, लाल बटण दाबायचो, आणि सात मिनिटं शक्य तेवढा कमी श्वास घ्यायचो.

पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं, तर मधेमधे चर्र, चर्र. कढईत काही टाकल्यासारखं. तरी बायकांना सरावाला काहीतरी हवं म्हणून ते तसंच पाठवून दिलं, आणि मी आवाजाच्या शोधात निघालो. समोरच्या खोलीत काकू राहतात, मूळच्या कुडाळकडच्या. त्यांच्या दारात गेलो.

"काकू, तुमची फोडणी येते रेकॉर्डिंगमध्ये."

"फोडणी? गॅस तर केवाच बंद केलंय."

"मग मिक्सर असेल."

"मिक्सर सकाळी लावलंय. खोबऱ्याचा वाटप झाला." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "बरा, उद्यापासून सकाळीच सगळा उरकतंय. मगे तू कर तुझा ता."

दुसऱ्या दिवशीही चर्र. मी कबुतरांवर संशय घेतला आणि खिडकीला चादर बांधली. तिसऱ्या दिवशी नळावर, चौथ्या दिवशी स्वतःच्या गुडघ्यावर. बसताना तो वाजतो, म्हणून मांडी न घालता पाय लांब सोडून बसलो. पॅसेज मात्र इतका शांत, की आमच्या चाळीत इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. सगळे आपल्यासाठी करतायत, या विचाराने माझा ऊर भरून यायचा. मी स्वतःला कलाकार समजू लागलो होतो.

शनिवारी ऑफिसातली एक मुलगी आली. कॉम्प्युटरचं काम पाहते. दादरला खरेदीला आली होती, फोनवर मी फार रडलो म्हणून वाकडी वाट करून आली. दारावरचा पुठ्ठा वाचून ती चपला हातात घेऊन आत शिरली.

"सर, माइक कुठेय?" तिने कुजबुजत विचारलं.

"लॅपटॉपमध्येच असेल ना," मीही कुजबुजलो.

तिने पडद्यावर दोन-तीन ठिकाणी पाहिलं. मग सरळ उठली आणि पंखा लावला.

"सर, माइक बंद आहे. आवाज लॅपटॉपच्या आतच तयार होतोय आणि आतल्या आतच रेकॉर्ड होतोय. तुम्ही इथे ढोल वाजवलात तरी यात येणार नाही."

मला पटेना. तिने रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पत्र्याच्या पेटीवर चांगले दहा-बारा दणके दिले. नंतर ऐकलं. बासरी होती, टाळ होते, चर्र होतं. पेटी नव्हती.

"आणि हे चर्र?"

"लॅपटॉप म्हातारा आहे, त्याला झेपत नाहीये." तिने बफर नावाचा एक आकडा वाढवला, मी उघडी ठेवलेली इंटरनेटची पंधरा-वीस पानं बंद केली. मग आधीची रेकॉर्डिंगं ऐकून म्हणाली, "पहिल्यात मधे टिंग वाजतं ते काय? ऑफिसच्या ग्रुपवरचा मेसेज? तुम्ही लॅपटॉपचा सगळाच आवाज रेकॉर्ड करत होतात. फक्त सिंथेसायझरचा घ्यायचा." तेही तिने बदललं. पुढच्या सात मिनिटांत पंखा गरगरत होता, बायको चहा गाळत होती, आम्ही तिघं बोलत होतो, आणि रेकॉर्डिंग आरशासारखं स्वच्छ आलं.

ती गेल्यावर मी पुठ्ठा काढला का? नाही. रविवारभर तो दारावर तसाच होता. आजोबांना टॉवेलचं काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं. शेवटी सोमवारी सकाळी काकूंकडे गेलो. सगळ्यात जास्त त्रास त्यांना दिला होता.

"काकू, एक चूक झाली. तुम्ही गप्प बसायची गरजच नव्हती. बाहेरचा आवाज त्यात जातच नाही."

काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "माका ठाऊक आसा."

"कसं?"

"तुझ्या बायकोन सांगल्यान. दुसऱ्याच दिवशी."

मी घरी आलो आणि बायकोला विचारलं. तिने शांतपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझं रेकॉर्डिंग चालू असताना तिच्या हातातून स्टीलचं झाकण पडलं होतं. मी तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं सगळं वाया गेलं. मग मी आंघोळीला गेल्यावर तिने हेडफोन लावून ऐकलं, तर झाकण कुठेच नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. पण काकू म्हणाल्या, राहू दे. बारा वर्षांत पहिल्यांदा दुपारी डोळा लागला त्यांचा. आजोबाही झोपत होते. सगळा पॅसेज झोपत होता."

म्हणजे मी आत घाम गाळत श्वास रोखून धरत होतो, तेव्हा बाहेर माझा प्रत्येक श्रोता गाढ झोपलेला होता. टॉवेल तोंडावर होता तो उजेड नको म्हणून. मला राग यायला हवा होता. आला नाही. थोडं वाईट वाटलं, आणि मग मीही जेवून आडवा झालो.

नवं स्वच्छ रेकॉर्डिंग संध्याकाळी महिला मंडळाला दिलं. सराव सुरू झाला आणि तिसऱ्या मिनिटाला सगळ्या बायका एकमेकींवर आपटल्या. पुढे नाचणारी म्हणाली, "टिंग कुठे गेलं?"

"ती चूक होती. काढून टाकली."

"अहो, त्या टिंगवर आम्ही वळतो. आठवडाभर बसवलंय. ते परत घाला."

मी समजावलं की ते संगीत नाही, आमच्या ऑफिसातल्या कोणाचातरी दुपारी उगवलेला सुप्रभात आहे. त्यांना काही फरक पडला नाही. घरी येऊन मी लॅपटॉपवर तो आवाज शोधला आणि नेमक्या जागी चिकटवला. सगळ्या चालीत हीच एक गोष्ट मी पहिल्या फटक्यात बरोबर केली.

कार्यक्रमाला मैदान भरलं होतं. बासरी सुरू झाली, लांबून जवळ आली, आणि क्षणभर मला आपण काहीतरी केलंय असं वाटलं. मग टिंग वाजलं. स्टेजवर बायका एका झटक्यात वळल्या, आणि खाली निम्म्या लोकांनी खिशातून फोन काढून पाहिले.

नाचाला टाळ्या चांगल्या पडल्या. निवेदकाने एकेकीचं नाव घेतलं, कपडे शिवणारीचं घेतलं, मग कागदावर पाहून म्हणाला, "आणि संगणक साहाय्य," आणि माझं नाव घेतलं. मी उठून उभा राहिलो, हात जोडले, दोन्ही बाजूंना वळून नमस्कार केला.

शेजारच्या खुर्चीवरून काकूंनी माझा शर्ट ओढला. "बस खाली. मागच्यांका दिसना नाय."