धुऊन न जाणारा लाल

मुलांनो, तुमच्या दवाखान्याच्या फॉर्मवर ‘घराण्यातले आजार’ लिहायला एकच ओळ आहे म्हणता. माझ्या वडिलांचा आजार त्या ओळीत मावत नाही, म्हणून हे पत्र. इंग्रजी शाळेची शिस्त अंगात आहे, तेव्हा क्रमाने सांगते.

स्वातंत्र्याला दोन-चार वर्षं झाली होती. आम्ही नागपूरचे कोष्टी. वडील लुगड्यांच्या काठांसाठी सूत रंगवत. इतवारी बाजारातून विलायती लाल रंगाचा डबा येई. जुने रंगारी झाडपाल्याचा रंग जिभेवर घेऊन पारखत. वडिलांनी तीच रीत इमानाने या डब्यालाही लावली. बोट बुडवायचं, चाखायचं, आणि म्हणायचं, “अजून जरासा टाक.”

डब्यावर इंग्रजीत सूचना होती. घरात इंग्रजी येणारी मी एकटी. मी वाचून अर्थ सांगितला: अंगाला लागू देऊ नका, तोंडात जाऊ देऊ नका.

“साहेबाची कातडी नाजूक असते वं,” वडील म्हणाले. “आपली कोष्ट्याची आहे.”

शिक्षणाचं एवढं चीज झाल्यावर मी डब्याचं झाकण लावलं.

काही वर्षांनी त्यांना लघवी लाल होऊ लागली. आई घाबरली.

“काहून घाबरून राहिली वं? जिंदगीभर रंग चाखला, तोच बाहेर येऊन राहिला.”

शेजारचा रंगारी तर कौतुकाने म्हणाला, “काकाजी, तुमचा रंग पोटातबी उतरून नाही राहिला!” सगळे हसले. मॅट्रिक झालेली मीसुद्धा.

मग एकदा आईने त्यांचं धोतर गार पाण्यात घातलं आणि त्यावरचा लाल डाग निघून गेला. ती ओलं धोतर घेऊन तशीच त्यांच्यापुढे उभी राहिली.

“हा तुमचा रंग नाही. तुमचा रंग धुतल्यानं जात नाही.”

डॉक्टरांनी मूत्राशयात गाठ सांगितली. फार उशीर झाला होता. वडील त्याच वर्षी गेले.

परवा तुमच्यातल्या थोरलीने मला फोनवर समजावलं: विष रोज थोडं थोडं आलं की पेशी ते निस्तरते, मोडलेलं सांधते, वर्षानुवर्षं ताण सोसते, शेवटी सांधताना चुकते आणि ती चूकच वाढत जाते. म्हणजे डब्यावरची सूचना आमच्या घरात फक्त वडिलांच्या पेशींनी मनावर घेतली होती.

त्यांनी रंगवलेल्या काठाचं आईचं एक लुगडं माझ्या पेटीत आहे. काठ अजून लाल आहे.