कोलाच्या बाटलीतलं तणनाशक

तो माणूस आजही डोळ्यांसमोर येतो तो हसतानाच. तो हसत होता म्हणून तर मी फसलो.

पनवेलजवळच्या एका गावातलं प्रकरण. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो आणि स्वतःला फार हुशार समजायचो. सकाळी रुग्णालयातून विषबाधेची खबर आली. साठीचा एक शेतकरी घरच्या फ्रिजमधला कोला समजून तणनाशक प्यायला होता. हवालदार पाहून आला. म्हणाला, "साहेब, ठणठणीत आहे. एक घोट घेतला, तोही थुंकला म्हणतो. चहा मागतोय."

पाठोपाठ ठाण्यात निनावी फोन आला, मीच उचलला. "सुनेनं पाजलंय. रोजची भांडणं हायेत घरात."

झालं! म्हाताऱ्याचा जबाब मी उद्यावर टाकला आणि महिला अंमलदाराला घेऊन सुनेच्या ओटीवर जाऊन बसलो. चौकशीची माझी एक ठेवणीतली नजर होती. काही न बोलता रोखून बघायचं, समोरचा आपोआप बोलतो. चोरांवर चालायची, बायकोवर कधीच चालली नाही. सुनेवर चालली.

"बाटली मागच्या पडवीत होती, कोलाची, अर्धी," ती म्हणाली. "मना वाटलं, पोरांनी टाकली असंल. मीच फ्रिजात ठेवली. बाबा उन्हातून आले नि तीच तोंडाला लावली." मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "सायब, मीच मारलं का त्यांना?"

"मेलेत कुठे? चहा मागतायत," मी म्हणालो. पण मनात गुन्हा उघडकीस आला होता. बाटली तिनेच ठेवली, तेही कबूल!

ही मर्दुमकी सांगायला रुग्णालयात गेलो. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेशंटचा जबाब घेतलात?"

"उद्या घेऊ. हसतोय की तो."

"हसतायत म्हणूनच आज घ्या. हे पॅराक्वाट आहे. यावर उतारा नाही. पहिले काही दिवस माणूस बरा दिसतो, मग मूत्रपिंडं जातात, फुप्फुसं जातात. धाप लागली की आमची पहिली धाव ऑक्सिजनकडे. यात तो दिला तर फुप्फुसं आणखी जळतात."

"पण घोट तर त्याने थुंकून टाकला..."

"पोटात गेला तेवढा पुरेसा आहे."

मृत्युपूर्व जबाब नोंदवायला मी नायब तहसीलदारांना फोन लावला तेव्हा माझा आवाज हवालदारालाही ओळखू आला नाही. ते आले. पेशंट शुद्धीवर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं. नियमाप्रमाणे मी दाराबाहेर थांबलो. दार नीट लागत नव्हतं. आतलं ऐकू आलं.

"औषध शेजाऱ्याकडनं आणलं. आमच्यात एक कॅन घेतात नि वाटून घेतात. अख्खा कॅन एका घराला काय करायचाय? ज्यानं त्यानं आपली बाटली न्यायची. मी कोलाची नेली."

"फ्रिजमध्ये कोणी ठेवली?"

"मीच. सुनेला काय ठाऊक नाय. पोलीस उगा तिच्याकडं गेले म्हणतात."

शेजाऱ्याकडे गेलो. त्याने "या सायब" म्हणताच मी फोनवरचा आवाज ओळखला. कॅन त्याच्या गोठ्यात होता. त्यावर सगळं छापलेलं: विषाचं चिन्ह, हातमोजे घाला, तोंड झाका, मुलांपासून दूर कुलपात ठेवा, दुसऱ्या भांड्यात ओतू नका. इशारे कॅनवर राहिले होते आणि विष घरोघर गेलं होतं.

"माझ्यावर येईल म्हून घाबरलो," तो म्हणाला. "दुकानदार म्हनला, मातीला लागलं की याचा जोर जातो. मंग मानसाला काय होतंय, असं वाटलं."

त्या दिवशी आम्ही घरोघर फिरून बाटल्या गोळा केल्या. एक मधाची होती. एक खोकल्याच्या औषधाची, देव्हाऱ्याखालच्या फळीवर, बाळाच्या वाटी-चमच्याशेजारी. गावात सगळे एकमेकांना विचारत होते, "तुझी कुठं हाय?"

आठवडा संपायच्या आत म्हातारा गेला. शेवटी त्याला बोलता येत नव्हतं. जबाब असाच उद्यावर राहत गेला असता, तर सुनेच्या बाजूने बोलायला कोणी उरलं नसतं. तिला मी आत टाकलंच असतं, वर शाबासकीही घेतली असती.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच: विष शोधताना आधी भांडं बघावं, वैर नंतर. आणि बोलणाऱ्याचं आजच ऐकून घ्यावं. आता खांदा कॉलनीतल्या घरी मी फिनेलसुद्धा दुसऱ्या बाटलीत ओतू देत नाही. बायको म्हणते, "निवृत्त झालात, झडती थांबवा."

जबाबावर अंगठा झाल्यावर मी आत गेलो होतो. कायदा असं धरून चालतो की मरणारा माणूस खोटं बोलत नाही. फ्रिजात बाटली कोणी ठेवली, हे मला माहीत होतं. तरी जबाब मी तसाच राहू दिला.

म्हातारा माझ्याकडे बघून हसला. "सुटली ना सून?"

"सुटली."

"मंग मना कवा सोडतात?"

"एक-दोन दिवसांत," मी म्हणालो.

त्या खोलीत खोटं दोघांनी सांगितलं. कागदावर फक्त त्याचं आहे.