विहीणबाई सायकलवर

सायराकान डाव्या पायाने लंगडते हे आमच्या खोऱ्यात कुणी कुणाला सांगत नाही, कारण ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. लहानपणी तिला शिंगराने फेकलं, हाड वाकडं जुळलं आणि तसंच राहिलं. घोड्यावर बसली की लंगडणं दिसत नसे. पण चढताना डावा पाय रिकिबीत घालून सगळा भार त्याच्यावर द्यावा लागतो, आणि तेवढं त्या पायाच्याने होत नव्हतं. नवरा होता तोवर तो तिला कमरेला धरून वर चढवायचा आणि म्हणायचा, "दर वर्षी एक मेंढी वाढतेय तुझ्यात." तो गेला. आता साठीच्या बाईने शेजाऱ्याला 'मला जरा उचलून ठेव' असं सांगायचं कसं? तिने घोडा भाच्याला देऊन टाकला आणि घरात बसली. घरात बसलेली सायराकान म्हणजे सगळ्या गावाच्या डोक्याला ताप होता.

आमच्या किर्गिझ गावाच्या वर तेरेक खिंड आहे. तिच्यातून पलीकडच्या खोऱ्यात जुना खडीचा रस्ता जातो. त्याच्यावरचा पूल नदीने नेला, तिथे मेंढपाळांनी दोन ओंडके आडवे टाकले, आणि गाड्या खालच्या डांबरी रस्त्याने वळसा घालून जायला लागल्या. तेव्हापासून त्या वाटेवर मेंढरं, घोडी आणि उन्हाळ्यात जाड चाकांच्या सायकली घेऊन येणारे परदेशी, एवढीच वर्दळ. सायराकान दारात बसून त्यांच्याकडे बघायची. "घरातून हाकलून दिलं असेल बिचाऱ्यांना," ती म्हणायची. "नाहीतर चढावर आपलंच ओझं आपण कोण ओढत नेईल?"

त्यातलीच एक हॉलंडची बाई ओंडक्यांजवळ पडली आणि खांद्याचं हाड मोडून घेऊन सायराकानच्या दारात आली. सायराकानने तिला आठवडाभर मेंढीचा रस्सा पाजला. दोघींना एकमेकींची भाषा कळत नव्हती, त्यामुळे भांडण झालं नाही. हात गळ्यात बांधून ती बाई विमानाने घरी गेली आणि जाताना सायकल सायराकानच्या अंगणात ठेवून गेली.

महिनाभर सायकलवर कोंबड्या बसल्या. मग एका सकाळी सायराकानने कोंबड्या उठवल्या, सायकल गवताच्या खळ्यावर नेली आणि पडायला सुरुवात केली. शेजारीण बुरमा कुंपणावर रेलून बघत होती.

"एजे, ताई माझे, कफनाचं कापड आणून ठेवू का?"

"आण. उरलेल्यात तुझ्या तोंडाला पट्टी होईल."

शरद येईपर्यंत ती खिंडीच्या निम्म्या चढापर्यंत जाऊ लागली. उजवा पाय रेटायचा आणि डावा नुसता सोबतीला फिरायचा. पण फिरायचा गोल, अगदी उजव्यासारखा, आणि हे तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तिला कुणी उचलून ठेवायला लागत नव्हतं. उतारावर मागून गाडी येत नाही, पुढून येत नाही, चाकाखाली खडी करकरते आणि जाड्या खारींसारखे मार्मोट शिट्ट्या मारत बिळात पळतात. अशा वेळी ती मोठ्याने गायची. आवाज तिचा भयंकर आहे, पण तिथे ऐकायला होतं कोण?

तिची एकुलती एक लेक गुलायिम खिंडीपलीकडे दिलेली. जावई गरीब गाय, पण त्याची आई झामाल म्हणजे विहीण कशी असावी याचा नमुनाच. तिच्या अंगणातली चुलीची राखसुद्धा रांगेत पडते. "आमच्या घरातली नातेवाईक बाई सायकलवर टांग टाकून फिरते," हे तिला कळलं तेव्हा तिने आठवडाभर गुलायिमला चहा अर्धाच ओतला.

त्यात नातू. एलदियार दीड वर्षाचा झाला तरी चालेना. भिंतीला धरून उभा राहायचा आणि बसायचा. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, पाय ठणठणीत आहेत, पोरगं आळशी आहे. पण झामाल एकदा पाहुण्यांसमोर बोलून गेली, "आजोळचा पाय आलाय, दुसरं काय." मोडलेलं हाड रक्तातून उतरत नाही हे शेळीलाही कळतं. पण विहीण बोलायला लागली की शेळीचं कोण ऐकतो? वाईट याचं की ते ऐकून सायराकानला रात्री झोप लागेना. हे खरं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी आपल्या पायाकडे बघून ती म्हणायची, "माझं आयुष्य नासवलंस ते नासवलंस, आता लेकराला तरी सोड."

अखेर झामालने धागा कापायचं ठरवलं. आमच्याकडे चालायला लागणाऱ्या पोराच्या पायांना काळ्यापांढऱ्या लोकरीचा पीळ बांधतात. मुलं धावत येतात, पहिलं पोचेल त्याने सुरीने तो कापायचा. कापणाऱ्याची चाल पोराला लागते म्हणतात. गुलायिमचा फोन आला.

"आई, तू ये. पण..."

"बोल ना."

"सासूबाई म्हणतात, तू म्हाताऱ्यांबरोबर आत बस. धाग्याजवळ नको."

"बसेन की. आत मांस जास्त मिळतं," सायराकान म्हणाली. फोन ठेवला आणि सायकलच्या चाकांत हवा भरायला बसली.

बुरमाचा मुलगा गाडीने वळसा घालून सोडायला तयार होता. सायराकान म्हणाली, माझ्या पायाने जाते. पहाट फुटताच सायकलवर निघाली, दुपारच्या आत पोचली असती. पण वाटेत मेंढपाळांचे तंबू. परदेशी लोक हात हलवून पुढे जातात, त्यांना चालतं. आपल्या माणसाने दुसऱ्याच्या दारावरून भाकरी तोंडाला न लावता जायचं म्हणजे त्या घराचा अपमान. पहिल्या तंबूत भाकरीला साय होती. दुसऱ्यात घोडीचं आंबवलेलं दूध आणि वाडगा रिकामा दिसला की पुन्हा भरणारी सून. तिसऱ्यात म्हातारा आजारी होता, त्याचं दुखणं मानेपासून टाचेपर्यंत ऐकावं लागलं. "उशीर होतोय," ती सगळीकडे म्हणाली, आणि सगळीकडे बसली. खिंडीच्या माथ्यावर पोचली तेव्हा उन्हं कलली होती आणि ती स्वतःलाच शिव्या घालत होती.

उतार संपता संपता झामालचं घर दिसलं. दारासमोर लोकरीचा पांढरा नमदा अंथरलेला, त्यावर पायांना धागा बांधलेला एलदियार, आईने काखांत हात घालून उभा केलेला. आणि रस्त्यावर मुलं. मोठ्या दगडाला वळसा घालून ती नुकतीच घराकडे सुटली होती. सायराकान नेमकी त्यांच्या मागून आली.

तिने ब्रेक दाबायला हवे होते, हे तीही कबूल करते. बाजूला थांबायचं, शर्यत होऊ द्यायची, मग गुपचूप आत जाऊन बसायचं. पण पुढे कुणी धावताना दिसलं की किर्गिझ माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, मग तो आजारी असो, म्हातारा असो की विहिणीकडे पाहुणा असो. मुलांनी मागे वळून पाहिलं, किंचाळली आणि जोरात पळाली. सायराकानने पायडलवर जोर दिला. लोक ओरडायला लागले. ती सगळ्यांना मागे टाकून थेट नमद्यापाशी पोचली, आणि मग तिच्या लक्षात आलं आपण काय करून बसलो ते.

ती सायकलवरून उतरली. उतरली की पाय आलाच. सगळ्यांदेखत ती दोन पावलं लंगडत चालली आणि थांबली. मागून एक चुणचुणीत मुलगी धापा टाकत आली, पायी धावणाऱ्यांत तीच पहिली.

"नियम काय?" कुणीतरी विचारलं.

"पहिला येईल तो कापेल," म्हातारे मोल्दोकुल आजोबा म्हणाले. "पायीच या असं कुणी सांगितलं नव्हतं."

झामालच्या हातात सुरी होती. सायराकान तिच्याकडे न बघता म्हणाली, "या पोरीला द्या. तिचे पाय चांगले आहेत. माझ्यामुळे लेकराचं नुकसान नको."

झामालची नजर सायकलवरच्या धुळीवर होती, मग ती वर खिंडीकडे गेली.

"तेवढी खिंड ओलांडून आलात?"

"आले."

"एकट्या?"

"मग काय, तुम्ही न्यायला येणार होतात?"

"मी या घरात आले तेव्हापासून एकदाही ती चढले नाही," झामाल म्हणाली, आणि सुरी सायराकानच्या हातात दिली. "कापा."

गुलायिमने धागा ताणून धरला आणि सायराकानने सुरी चालवली. धागा तुटला. एलदियारने सगळ्यांकडे पाहिलं आणि धपकन खाली बसला. त्या दिवशी काही तो चालला नाही. लोकांनी मांस खाल्लं आणि घरी गेले.

तो चालला दोन आठवड्यांनी. निरोप आला तशी सायराकान खिंड ओलांडून गेली. दोघी विहिणी दाराशी चहा घेत बसल्या आणि पोरगं अंगणात कोंबडीमागे दुडदुडत होतं. सायराकान त्याच्या डाव्या पायाकडे बघत होती. पाऊल सरळ पडत होतं. पुन्हा पाहिलं, पुन्हा सरळ. तिने मान वळवली तर झामालही त्याच पायाकडे टक लावून बसलेली.

दोघींची नजरानजर झाली. झामालने किटली उचलली आणि सायराकानचा वाडगा काठोकाठ भरला.

"तुमच्यावर गेला असता," ती म्हणाली, "तरी माझी तक्रार नसती."